कुलूपबंद घरातला सर्व्हर

माझ्या घरी सर्व्हर आहे, हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी जरा जास्तच वेळा उच्चारलं असेल. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर मयतीला गेलो असतानाही. वाक्य उच्चारून मी थोडा थांबतो, म्हणजे समोरच्याला 'सर्व्हर म्हणजे काय जी?' असं विचारायला सवड मिळते. मग मी सांगतो. सर्व्हर म्हणजे कधीही बंद न होणारा संगणक. तो आमच्या मागच्या खोलीत शिवणयंत्राच्या शेजारी बसलेला असतो, त्याचा निळा दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या पोटात आमच्या घरचे आणि निम्म्या गल्लीचे कागद स्कॅन करून ठेवलेले असतात. सातबारे, जन्माचे दाखले, मार्कशीटा, कोणाच्या घराचा नकाशा, कोणाच्या गुडघ्याचा एक्स-रे. जगात कुठेही बसून मी ते उघडू शकतो. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. पासवर्ड टाकला की घरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर जसाच्या तसा हजर होतो.

हे सगळं मी निवृत्तीनंतर स्वतः शिकलो. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढं जमायलाच हवं. माझा जावई अंकित पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो एकदा म्हणाला होता, "बाबा, एवढा खटाटोप कशाला? क्लाउडवर टाका ना सगळं." मी त्याला विचारलं, तो क्लाउड कोणाच्या घरी असतो? त्याला पत्ता सांगता आला नाही. माझ्या सर्व्हरला पत्ता आहे. सिंदी मेघे, वर्धा, पाण्याच्या टाकीमागची दुसरी गल्ली.

तर या जुलैत आमच्या मेघाला मुलगी झाली आणि आम्ही दोघं पुण्याला गेलो. म्हणजे माझ्या पत्नीची, उज्वलाची, तिथे गरज होती आणि मी सामानाबरोबर गेलो. घराची चावी शेजारच्या बाबारावांकडे दिली. बाबाराव वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाचं पेनसुद्धा विसरून खिशात घातलेलं नाही. चावी घेताना त्यांनी ती कपाळाला लावली. "घराची काळजीच करू नका, सर," ते म्हणाले, आणि मी केली नाही. पुढे जे घडलं ते सगळं त्यांनी घेतलेल्या काळजीतूनच घडलं.

सोमवारी सकाळी नत्थूजींचा फोन आला. नत्थूजी आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहतात. पवनारला धाम नदीच्या काठाला त्यांचं दोन एकर शेत आहे. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर असं लावतात आणि वर्ध्याच्या बाजारात स्वतः बसून विकतात. फोनवर ते नेहमी आधी परवानगी मागतात.

"सर, बोलू का? टाइम हाय का?"

"बोला, नत्थूजी."

"आचलचं काम होतं जी. तिचा कृषी कॉलेजात नंबर लागला. आता जात पडताळनीचा अर्ज शुक्रवारी पाचच्या आत भरा लागते. त्याले तिच्या आज्याच्या शाळेचा दाखला पायजे. अन् आमच्या पेटीले उदई लागली ना जी. सगळ्या कागदाची चाळनी झाली. थो दाखला..."

"काळजी करू नका!" मी म्हटलं. माझा आवाज इतका वर गेला की पाळण्यातली नात दचकली. "दाखला आपल्या सर्व्हरवर आहे. तुम्ही संक्रांतीला आणून दिला होता, आठवतंय? वाळवी पेटी खाईल, सर्व्हर कसा खाईल? दोन मिनिटांत पाठवतो." आणि मग त्यांना धीर वाटावा म्हणून मी रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय, तो कोणत्या पोर्टवरून आत जातो, पोर्ट म्हणजे घराच्या दारासारखं कसं असतं, हे सगळं सांगितलं. नत्थूजी मधे मधे "हो जी, हो जी" म्हणत होते. समजावून सांगणं हा माझा हातखंडा आहे, असं मला त्या वेळी वाटलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. त्या दाखल्याशिवाय नत्थूजींच्या मुलीचा, आचलचा, अर्ज पुढे सरकणार नव्हता आणि अर्जाच्या पावतीशिवाय जागा राहणार नव्हती. तिचे आजोबा तिसरीपर्यंत शिकले. शाळेच्या रजिस्टरात त्यांचं नाव आणि जात कोणीतरी बोरूने लिहिली, तेवढ्या एका ओळीवर पंचाहत्तर वर्षांनी नातीचं कॉलेज अडलं होतं. पुढे माझं जमेना तेव्हा नत्थूजी गावच्या शाळेत दुसरी नक्कल मागायलाही गेले, तर जुनं रजिस्टर कुठल्याशा तपासणीला गेलंय, पंधरा दिवसांनी या, असं उत्तर मिळालं. ती तिसरी पास झालेली ओळ माझ्या घरी सुरक्षित होती आणि याचा मला अभिमान वाटत होता.

मी लॅपटॉप उघडला, घरचा पत्ता टाकला. थोडं गोल गोल फिरलं आणि पाटी आली: जोडणी होऊ शकत नाही. खाली तीन शक्यता दिल्या होत्या. एक, रिमोटची परवानगी दिलेली नाही. दोन, तिकडचा संगणक बंद आहे. तीन, तो नेटवर्कवर सापडत नाही. दुसऱ्या शक्यतेकडे मी लक्ष दिलं नाही. कधीही बंद न होणारा संगणक बंद कसा असेल? मी पहिल्या आणि तिसऱ्या शक्यतेवर सोमवारचा दिवस घालवला. संध्याकाळी अंकित कामावरून आला, माझ्या पाठीमागे उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी बघू का?" मी त्याला बाळाकडे पाठवलं.

मंगळवारी बाबारावांना फोन केला. घर उघडून संगणकाचा दिवा चालू आहे का, एवढंच बघायचं होतं.

"बघतो जी. पन मंदाला बाजारातून येऊ द्या."

"मंदाबाई कशाला? तुम्ही नुसतं आत जाऊन या."

"एकटा नाई जात मी बंद घरात. उद्या एखांदी वस्तू इकडची तिकडं झाली त?"

"बाबारावजी, घर माझं आहे. मी सांगतोय."

"म्हूनच म्हनतो. तुमचं घर हाय म्हून तुम्ही म्हनून राह्यले. माहं असतं त मी एकटाच गेलो असतो."

त्यात तर्क होता. शेवटी साडेअकरा वाजता माझ्या घरात चार माणसं शिरली: बाबाराव, त्यांच्या पत्नी मंदाबाई, समोरच्या अंगणवाडीच्या जयाताई आणि ज्यांचं काम होतं ते नत्थूजी. बाबाराव त्यांना पंच म्हणत होते. कुलूप किती वाजता उघडलं हे जयाताईंनी अंगणवाडीच्या वहीत लिहिलं. फोन स्पीकरवर होता. आधी झाडूचा आवाज येऊ लागला, कारण मंदाबाईंनी धूळ पाहिली होती आणि उज्वलाताई काय म्हणतील, हा प्रश्न त्यांना सर्व्हरपेक्षा मोठा वाटत होता.

"दिवा चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू हाय न. निळा."

मी विजयाने खोलीभर पाहिलं. बघायला फक्त नात होती. लगेच जोडणी करून पाहिली तर झाली! पासवर्डची चौकट आली. मी पासवर्ड टाकला आणि माझ्या घरचा पडदा, त्यावर आमचा बोर धरणाच्या सहलीचा फोटो, सगळं समोर आलं. मी माऊसला हात लावतो तोच पडदा गेला. 'दुसऱ्या वापरकर्त्याने प्रवेश केल्यामुळे तुमची जोडणी तोडण्यात आली आहे.'

दुसरा वापरकर्ता कोण? तर बाबाराव. झालं असं की रिमोटने मी आत शिरलो की तिकडच्या पडद्याला कुलूप लागतं. एका वेळी एकच माणूस, असा त्या यंत्राचा नियम आहे. बाबारावांना दिसलं की सरांचं बंद पडलं, म्हणून त्यांनी मदत म्हणून कळफलकावर पासवर्ड टाकला आणि ते आत गेले, मी बाहेर फेकला गेलो. मग मी आत शिरलो, ते बाहेर.

पासवर्ड त्यांना कसा माहीत, हे सांगायचं टाळणार होतो, पण सांगतो. घरून निघताना अडीनडीला असावा म्हणून मी तो कागदावर लिहून, घडी घालून चावीबरोबर दिला होता. बाबारावांनी तो पंचांसमोर उघडला आणि मोठ्याने वाचला. "आदर्शशिक्षक दोन हजार अकरा," ते म्हणाले. पलीकडे झाडूही थांबला.

"तुमाले भेटला होता का जी थो पुरस्कार?" जयाताईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्या वर्षी प्रस्ताव गेला होता."

"मंग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही गेला होता."

नत्थूजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "द्याले पायजे होता." हे त्यांनी अगदी सरळपणाने म्हटलं. मला ते नको होतं आणि बरंही वाटलं.

त्यानंतर बाबाराव आणि मी एकमेकांना 'आधी तुम्ही', 'नाई जी, आधी तुम्ही' करत राहिलो. एका क्षणी दोघांनाही वाटलं की दुसरा आत आहे आणि आत कोणीच नव्हतं. घाईत माझा पासवर्ड दोनदा चुकला, त्यांचा किती वेळा चुकला ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी यंत्राने दहा मिनिटांसाठी आम्हा दोघांनाही बाद केलं. अंकितचा दुपारी फोन आला, "बाबा, तुम्ही त्यांना फाइल उघडून पडद्याचा फोटो काढायला सांगा ना मोबाइलवर." मी म्हटलं, "अंकित, त्यात लोकांचे कागद आहेत. माझ्या विश्वासावर ठेवलेत. चार माणसांसमोर उघडायला ते काय वर्तमानपत्र आहे?" हे वाक्य बोलताना मी आरशात पाहत होतो हेही कबूल करतो.

"तुम्ही सगळे आता घरी जा," मी पंचांना म्हटलं. "दहा मिनिटांनी कुलूप निघेल, मग मी इकडून शांतपणे काढतो." ते गेले. दहा मिनिटांनी मी जोडणी केली. ती पहिली पाटी परत आली. तीन शक्यता. दुसऱ्या शक्यतेकडे मी पुन्हा लक्ष दिलं नाही, कारण निळा दिवा चालू असल्याचे चार साक्षीदार माझ्याकडे होते.

बुधवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते. त्या दिवशी बाबारावांनी मला अर्धा तास ट्रान्सफॉर्मर समजावला. खरं सांगायचं तर त्यांनी तो माझ्या पोर्टपेक्षा चांगला समजावला. नत्थूजींचाही फोन आला. "झालं का जी?" एवढंच विचारलं. मी त्यांना सांगितलं की आता माझा संशय राऊटरवर आहे. "हो जी," ते म्हणाले. मग "आचल विचारत होती" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आज त्यांनी बोलायची परवानगी मागितली नव्हती.

गुरुवारी मी इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकली. मग एक मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं कनेक्शन आम्हाला ऑफलाइन दिसतंय. घरी लाइट आहे का?" मी तिला म्हटलं, बाई, पस्तीस वर्षं मी विज्ञान शिकवलंय. तिने सॉरी म्हटलं आणि तक्रार नोंदवली. दुपारी मेसेज आला की आमचा माणूस आपल्या पत्त्यावर येऊन गेला, ग्राहक घरी नव्हता, सबब तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. समाधान कोणाचं झालं ते लिहिलं नव्हतं.

मी गॅलरीत जाऊन बसलो. खाली पुण्याचा रस्ता वाहत होता. आचल लहान असताना माझ्याकडे विज्ञानाच्या वहीतल्या आकृत्या तपासायला यायची. फुलाची आकृती तिची चांगली यायची, पण नावं लिहायची राहायची. तिचं कॉलेज माझ्या राऊटरपाशी अडकलं होतं आणि मी चार दिवस मुलीला आकृतीतली नावं सांगावी तशी सगळ्यांना नावं सांगत होतो: पोर्ट, आयपी, फायरवॉल. पहिल्यांदाच मला भीती वाटली. उद्या पाच वाजले तर मी त्या पोरीला काय सांगणार?

आत उज्वला मंदाबाईंशी फोनवर बोलत होती. तासभर तरी झाला असेल. बाळाची मालीश, मंदाबाईंच्या जाऊबाईंचं ऑपरेशन, भिजवलेल्या वाटाण्याला आलेला वास, असं चाललं होतं. या फोनमुळे लाइन अडते म्हणून मी वैतागणार होतो, तेवढ्यात उज्वला गॅलरीत आली.

"अहो, बाबारावजी मेन बंद करतात म्हणे."

"कसला मेन?"

"घराचा. आपण आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीच. कुलूप लावलेल्या घराचं मीटर फिरताना त्यांना दिसलं. म्हणे झोपच लागली नाही त्यांना. मंदाताईंना घेऊन आत गेले आणि मेन स्विच पाडला. तेव्हापासून तुम्ही बोलावलं की जाताना चालू करतात आणि निघताना बंद करतात. मंदाताई म्हणाल्या, काळजी करू नका ताई, आमचे हे विसरत नाहीत."

मी लगेच बाबारावांना फोन केला. ओरडायचं ठरवलं होतं.

"हो, बंद करतो न," ते म्हणाले. "अडतीस वर्षं नोकरी केली, सर. घर सोडताना लाइन चालू ठेवली त ते घर सोडलं असं म्हनतच नाई आमी. शॉर्टसर्किट झालं म्हंजे? तुमचं शिवनयंत्र, तुमचा पलंग, सगळं..."

"अहो पण तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगाचं काय त्यात? दार लावलं हे सांगतो का कोनी?"

ओरडायचं राहून गेलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं. मी चार दिवस शोधत होतो ती गोष्ट त्या माणसाच्या हाताला इतकी सवयीची होती की ती घडते हेच त्याला जाणवत नव्हतं. आणि मला पहिल्याच दिवशी यंत्राने लिहून दिलं होतं.

"बरं, आता लगेच जाऊन मेन चालू करा आणि चालूच ठेवा."

"आता नाई जमत जी. आमी केळझरले निघून राह्यलो. उद्या चतुर्थी, पहाटेचं दर्शन. बहिनीकडे मुक्काम हाय. उद्या दुपारी दोनपर्यंत येतो. चावी माह्या खिशातच हाय."

केळझरच्या गणपतीला मी पुण्याहून हात जोडले आणि या माणसाला लवकर परत पाठवा, एवढंच मागितलं.

शुक्रवारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी बाबाराव आले. पंच ओट्यावर बसूनच होते. या वेळी आचलही होती, अर्जाची फाइल घेऊन. मेन चालू झाला, निळा दिवा लागला. मी सांगितलं, कोणीही कळफलकाला हात लावायचा नाही. "आमी हात मागं बांधून उभे हाओत," जयाताई म्हणाल्या. मी पासवर्ड टाकला. बोर धरणाचा फोटो आला. टिकला. इकडे उज्वला, मेघा आणि अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन आलेला अंकित माझ्या पाठीमागे उभे होते.

'गल्ली' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात नावानिशी सगळ्यांची फोल्डरं. 'नत्थूजी' उघडलं.

हे फोल्डर रिकामं आहे.

मी बंद करून परत उघडलं. रिकामंच. तयार केल्याची तारीख पंधरा जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्यानंतर त्यात काहीही टाकलेलं नव्हतं.

आणि मग मला ती सकाळ आठवली. नत्थूजी तिळगुळ घेऊन आले होते, सोबत प्लास्टिकच्या पिशवीत तो दाखला. मी त्यांच्यासमोर फोल्डर तयार केलं, त्याला नाव दिलं, ते नाव त्यांना दाखवलं. त्यांना फार कौतुक वाटलं. मला इतकं बरं वाटलं की मी सर्व्हर म्हणजे काय ते सांगत बसलो. कागद उद्या स्कॅन करू म्हणून ठेवून दिला. तो उद्या सहा महिने आला नाही.

"भेटला का जी?" स्पीकरवरून बाबारावांचा आवाज आला.

सर्व्हर बिघडला, फाइल खराब झाली, असं म्हणायला काहीच लागत नव्हतं. चार दिवसांच्या तमाशानंतर गल्लीत त्या यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस उरला नव्हता. बाबाराव मंगळवारीच म्हणाले होते, या डब्याची नियत ठीक नाई. यंत्राला बोलता येत नव्हतं आणि माझी बाजू घ्यायला सगळे तयार होते. पाठीमागे अंकित होता, त्याला मात्र त्या तारखेचा अर्थ कळला असणार. त्याने माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि मग सावकाश खिडकीबाहेर पाहू लागला. माझ्या जावयाबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं.

"नत्थूजी," मी म्हटलं, "दाखला सर्व्हरवर नाही. मी तो स्कॅन केलाच नव्हता. नुसतं फोल्डर तयार केलं आणि तुम्हाला दाखवलं. चूक माझी आहे."

आता काय ऐकावं लागेल याची मी वाट पाहत होतो.

"मंग कागद कपाटात असन न जी," नत्थूजी म्हणाले. "तुम्ही तवा कपाटातच ठेवला होता."

त्यांच्या आवाजात आश्चर्याचा लवलेश नव्हता.

आता कपाट उघडायचं, तर बाबाराव अडून बसले. घर उघडलं ते ठीक, पण दुसऱ्याचं कपाट ते उघडणार नाहीत, पंच असले तरी नाही. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. उज्वलाने माझ्या हातातून फोन घेतला. "मंदाताई, तुम्ही उघडा. चावी तांदळाच्या डब्यात. बाबारावजी, तुम्ही तोंड फिरवा." बाबारावांनी आणि नत्थूजींनी तोंडं फिरवली, हे जयाताईंनी आम्हाला कळवलं. वरच्या कप्प्यात माझी एक फाइल होती, तिच्यावर मी लाल अक्षरात 'तातडीचे' असं लिहून ठेवलेलं आहे. तिच्यात तो कागद निघाला. प्लास्टिकच्या पिशवीत, जसाच्या तसा.

आचलने मोबाइलवर त्याचा फोटो काढला, तिथेच उभ्याउभ्या अर्जाला जोडला आणि मूळ कागद घेऊन स्कूटीवर कचेरीत गेली. चार वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन आला. "काका, पावती भेटली." मग पुढे म्हणाली, "थँक्यू." मला ते आभार स्वीकारवेनात.

संध्याकाळी मी नत्थूजींना फोन केला. "तुम्हाला माहीत होतं, कागद माझ्या कपाटात आहे. मग चार दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

"सोमवारी सांगतच होतो न जी. पेटीले उदई लागली, बरं झालं थो दाखला तुमच्याजवळ राह्यला, कपाटातून काढाले बाबारावजीले सांगा, एवढंच म्हनाचं होतं. मंग तुम्ही त्या दरवाज्याचं सांगाले लागले."

"मग मंगळवारी तर तुम्ही माझ्या घरातच होतात!"

"चार मानसाइच्या पुढं कसं म्हनू, का सरनं माहा कागद वापस नाई केला? अन् तेही तुमच्याच घरात उभं राहून? मले वाटलं, सर म्हनतात कॉम्प्युटरमंधी हाय, त असन. काल रात्री मात्र ठरवलं होतं. आज तीन वाजेपर्यंत नाई भेटला त बोलाचंच."

मला शरम वाटली. स्वतःच्या मुलीची जागा जायची वेळ आली तरी हा माणूस माझी लाज राखत बसला होता, आणि मी त्याला दाराची उपमा समजावत होतो. त्या रात्री जेवताना मी सर्व्हरचं नावही काढलं नाही. उज्वलाने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ऑगस्टमध्ये आम्ही परत आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी नत्थूजी आले. एका हातात वांगी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत तो दाखला होता, आचलची पावती होती आणि वाळवीने खाऊन उरलेले पेटीतले सगळे कागद होते. मी ताडकन उठलो. "आत्ता स्कॅन करतो, तुमच्यासमोर. तुम्ही इथेच बसा."

"नाई जी," ते म्हणाले. "कॉम्प्युटरमंधी टाकाचं काही काम नाई. तुमच्या घरी ठेवा फक्त."

"नत्थूजी, सहा महिने मी तो कागद विसरलो होतो."

"विसरले. पन हरवला त नाई न."

मी पिशवी घेतली. सगळे कागद मोजले, त्यांची नावानिशी यादी केली, खाली तारीख घातली, सही केली आणि यादी त्यांच्या हातात दिली. ही जपून ठेवा म्हणून बजावलं. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, नीट घडी घातली, थोडा विचार केला आणि परत माझ्याच हातात दिली.

"मंग हेही तुमच्याचजवळ राहू द्या, सर."